व्होल्गाकाठी सगळे रशियनच राहतात का?

एका पालकांनी विचारलं आहे: मुलगी वैद्यकीय शिक्षणासाठी चेबोक्सारीला निघाली आहे. प्रवेशाच्या कागदांवर ‘चुवाश प्रजासत्ताक’ असं लिहिलंय. नकाशात पाहिलं तर शेजारी तातारस्तान, मारी एल, मोर्दोव्हिया, उदमुर्तिया. हे सगळे रशियनच ना? तातार म्हणजे मंगोल का? तिथे ख्रिस्ती जास्त की मुसलमान? आणि मुलीनं कोणाशी कसं वागायचं?

मी रशियन शिकवते, आणि दुभाषी म्हणून व्होल्गाकाठच्या शहरांत बरीच वर्षं कामं केली आहेत. चेबोक्सारी आणि तातारस्तानची राजधानी कझान हे माझ्या जिव्हाळ्याचे भाग, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी थेट सांगते. नागरिक म्हणून सगळे रशियाचे, पण सगळे रशियन नाहीत. २०२१ च्या जनगणनेत सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांपैकी साधारण १० कोटी ५६ लाख लोकांनी आपली ओळख ‘रशियन’ अशी नोंदवली. तातार सुमारे ४७ लाख, चुवाश १० लाखांच्या थोडे वर, मारी सव्वाचार लाखांच्या आसपास. दीड कोटीहून अधिक लोकांच्या नोंदीत हा रकाना कोराच राहिला, म्हणून हे आकडे जरा सैल हातानेच धरायचे. सोव्हिएत काळात पासपोर्टावर ही ओळख लिहिलेली असे. १९९७ च्या नव्या पासपोर्टातून तो रकाना गेला. कागदावरून गेला, घरातून गेला नाही.

आणि एक गोष्ट पहिल्या दिवसापासून मुलीच्या लक्षात असू द्या. व्होल्गाकाठी भाषेवरून धर्म ओळखता येत नाही, धर्मावरून वंश ओळखता येत नाही, आणि नावावरून तर काहीच ओळखता येत नाही. चुवाश भाषा तुर्की कुळातली, पण चुवाश बहुतेक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. तातारांची भाषाही तुर्की कुळातली आणि ते बहुतांशी सुन्नी मुसलमान. पण त्यांच्यातच क्र्याशेन नावाचे बाप्तिस्मा घेतलेले ख्रिस्ती तातार आहेत. मारींची भाषा फिनलंड-एस्टोनियाकडच्या भाषांची नातलग, आणि त्यांच्यातले कितीतरी लोक आजही देवराईत जाऊन प्रार्थना करतात. खाली कास्पियनच्या वाटेवर कालमिक भेटतात. ते मंगोल कुळातले आणि बौद्ध, आणि राहतात युरोपात.

हे असं का झालं, ते नदी समजली की बरंचसं समजतं.

व्होल्गा उगम पावते तव्हेर प्रांतात वालदाय टेकड्यांवर, समुद्रसपाटीपासून जेमतेम २२८ मीटरवर. मिळते कास्पियनला, ज्याची पातळी समुद्रसपाटीच्याही खाली सुमारे २८ मीटर. म्हणजे साडेतीन हजार किलोमीटरच्या प्रवासात नदी उतरते अडीचशे मीटर. एवढा मंद उतार असल्यामुळे प्रवाहाबरोबर जाता येतं तसं ओढत-वल्हवत उलटही येता येतं. उत्तरेच्या जंगलातलं मध, मेण, कातडी खाली जायची. दक्षिणेचं मीठ, रेशीम, मासे वर यायचे. नदीच्या वरच्या भागात घनदाट अरण्य, मधल्या भागात ओक आणि लिंडनची मिश्र वनं, आणि समाराच्या खाली हळूहळू उघडा गवताळ स्टेप. अरण्यात शिकार आणि मधमाश्या, मध्ये शेती, खाली घोडे आणि मेंढ्या. असे वेगवेगळे जगणारे लोक एकाच पाण्याने बांधले गेले.

दुसरी गोष्ट काठांची. उजवा काठ उंच, दऱ्याओहोळांनी चिरलेला. डावा सखल, दलदलीचा, जंगलांचा. चेबोक्सारी उजव्या काठावर आहे. मुलगी घाटावर उभी राहिली की समोर दिसेल ती पलीकडच्या जंगलाची सपाट रेघ. या काठांनी इतिहासही विभागला. मॉस्कोच्या चौथ्या इव्हानने १५५१ मध्ये, तेव्हा तातार खानांच्या ताब्यात असलेल्या कझानवर चालून जाण्याआधी, स्वियाझ्स्क हा लाकडी किल्ला उभारला. त्याचे ओंडके नदीच्या वरच्या अंगाला तासून, खुणा करून, प्रवाहात सोडून आणले आणि महिन्याभरात किल्ला जोडला. त्याच वर्षी उजव्या काठावरचे डोंगरी मारी आणि चुवाश मॉस्कोच्या बाजूने गेले. १५५२ मध्ये कझान पडलं. डाव्या काठावरचे कुरणी मारी मात्र पुढे तीन दशकं लढत राहिले. चेबोक्सारीचा किल्ला १५५५ चा, पलीकडची, मारी एलची राजधानी योश्कार-ओला १५८४ ची. दोन्ही शहरं रशियन लष्करी ठाणी म्हणून सुरू झाली. म्हणून या प्रजासत्ताकांच्या राजधान्यांत दीर्घकाळ रशियन लोक जास्त आणि स्थानिक लोक खेड्यात, अशी मांडणी होती. चुवाश शहरात येऊन स्थिरावले ते मुख्यतः विसाव्या शतकात.

आता तातार म्हणजे मंगोल का, हा प्रश्न. नाही. तेराव्या शतकात मंगोल बातूखानाच्या फौजा येण्याआधी इथे व्होल्गा-बल्गार राज्य होतं. या बल्गारांनी ९२२ मध्ये इस्लाम स्वीकारला. त्या निमित्ताने बगदादच्या खलिफाचं शिष्टमंडळ आलं होतं आणि त्यातल्या इब्न फदलानने लिहून ठेवलेली हकीकत आज आपल्याला वाचायला मिळते. म्हणजे कीव्हच्या व्लादिमिरने ख्रिस्ती धर्म घेतला त्याच्या साठेक वर्षं आधी व्होल्गेवर अजान होत होती. १२३६ मध्ये मंगोलांनी बल्गार शहरं जाळली. मग सुवर्ण टोळीचं राज्य आलं, त्यातून पंधराव्या शतकात कझानची खानशाही निघाली. बल्गार, स्टेपवरचे तुर्की भाषिक किपचाक, स्थानिक फिन्नो-उग्रिक (म्हणजे मारींसारखे, फिनिशच्या नात्यातल्या भाषा बोलणारे) असे अनेक प्रवाह मिसळून आजचे कझानचे तातार घडले. एखाद्या तातार माणसाला ‘तुम्ही मंगोल ना?’ असं विचारलं तर तो बहुधा हसून सोडून देईल, पण त्याला ते लागतं.

बल्गारांचा वारसा कुणाचा, यावर तातार आणि चुवाश यांच्यात जुनी चुरस आहे. तातारांकडे धर्म, शहरं आणि राज्याची परंपरा आहे. चुवाशांकडे भाषा आहे: तुर्की भाषांची ओगुर नावाची जी शाखा होती, तिच्यातली आज बोलली जाणारी एकमेव भाषा म्हणजे चुवाश. तातार आणि तुर्कस्तानी तुर्क एकमेकांचं थोडंफार ओळखू शकतात. चुवाश बोलू लागला की दोघेही अडतात. आणि तेराव्या-चौदाव्या शतकातल्या व्होल्गा-बल्गारांच्या काही थडग्यांवर अरबी लिपीत जो मजकूर कोरलेला आहे, त्याची भाषा चुवाशला जवळची आहे. कबर मुसलमानाची, लिपी अरबी, भाषा आजच्या ख्रिस्ती चुवाशांच्या पूर्वभाषेसारखी. या भागाचा स्वभाव समजून घ्यायला मला यापेक्षा चांगला पुरावा माहीत नाही.

चुवाश ख्रिस्ती झाले ते प्रामुख्याने अठराव्या शतकाच्या मध्यात. १७४० पासून सरकारी कचेरी नेमून, करमाफीचं आमिष आणि धाक दोन्ही वापरून बाप्तिस्मे झाले. त्याच दशकात कझान भागातल्या शेकडो मशिदी पाडल्या गेल्या. पुढे दुसऱ्या कॅथरिनने धोरण बदललं. कझानची मार्जानी मशीद १७६६ ते १७७० या काळात तिच्या परवानगीने बांधली गेली. आज कझानच्या क्रेमलिनमध्ये एकाच तटाच्या आत ख्रिस्ती कथीड्रल आहे आणि २००५ मध्ये खुली झालेली कुल शरीफ मशीद आहे. पर्यटनाच्या पत्रकात हे चित्र गोड दिसतं. ते चित्र खरं आहे, पण त्यामागे दडपशाहीची शतकं आहेत हेही माहीत असावं, म्हणजे तिथल्या माणसांना या शेजाराची किंमत का वाटते ते कळतं.

बाप्तिस्मा झाल्यामुळे चुवाशांची नावं इव्हान, प्योत्र, निकोलाय आणि आडनावं इव्हानोव्ह, पेत्रोव्ह अशी झाली. सोव्हिएत संघाचा तिसरा अंतराळवीर अंद्रियान निकोलायेव्ह नावावरून पक्का रशियन वाटतो. तो चुवाश होता, शोर्शेली गावचा, आणि ऑगस्ट १९६२ मध्ये अंतराळात गेला. चेबोक्सारीत त्याचं नाव आदराने घेतात. मुलीच्या विद्यापीठाचं नावही बघा: चुवाश राज्य विद्यापीठ, उल्यानोव्ह यांच्या नावाचं. बहुतेकांना तो लेनिनच वाटतो. प्रत्यक्षात हे इल्या उल्यानोव्ह, लेनिनचे वडील. ते सिम्बिर्स्क प्रांतात शाळांचे अधिकारी होते आणि इव्हान याकोव्लेव्ह या चुवाश शिक्षकाच्या शाळेच्या पाठीशी उभे राहिले. याच याकोव्लेव्ह यांनी १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला आधुनिक चुवाश वर्णमाला तयार केली आणि आयुष्यभर चुवाश मुलामुलींसाठी शिक्षक घडवले. आपल्याकडे फुले दांपत्याच्या कामाबद्दल जी भावना आहे, तिच्या जवळपासची भावना चुवाश माणसाच्या मनात याकोव्लेव्हबद्दल असते. त्यांचं नाव तिला माहीत असलं तर वर्गातल्या चुवाश मैत्रिणींच्या डोळ्यांत चमक दिसेल.

चुवाश घरात गेलात तर दोन गोष्टींकडे नीट बघा. एक, भरतकाम. पांढऱ्या कापडावर गडद लाल धाग्याने केलेल्या भौमितिक आकृत्या. उत्तम कामात उलटसुलट दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. दुसरी, चांदीच्या नाण्यांनी मढवलेली शिरोभूषणं: लग्नाआधी मुलीची तुख्या, लग्नानंतर खुश्पू. खेड्यातल्या पेटीत आजीची खुश्पू अजून जपलेली असते आणि जत्रेला बाहेर निघते. शेतीत त्यांचं खास पीक हॉप्स, त्यामुळे घरची बिअर हा पाहुणचाराचा भाग आहे. नको असेल तर उजवा हात छातीवर ठेवून नम्रपणे नाही म्हणता येतं, आग्रह होतो पण राग येत नाही.

मारींबद्दल थोडं अधिक लिहायला हवं, कारण आपल्याकडच्या वाचकाला ते पटकन उमगतील. योश्कार-ओलाच्या आसपास खेड्यांजवळ जुन्या झाडांचे राखीव तुकडे आहेत. लिंडन, बर्च, ओक. तिथे फांदी तोडत नाहीत, मोठ्याने भांडत नाहीत. ठरलेल्या दिवशी पांढऱ्या कपड्यांत लोक जमतात, ‘कार्त’ नावाचा पुजारी कुगु युमो या थोर देवाला आणि इतर देवतांना उद्देशून प्रार्थना म्हणतो, पाळीव हंस (गूस) किंवा मेंढा अर्पण होतो आणि मोठ्या कढईत शिजवून सगळे मिळून खातात. कोकणातल्या किंवा मावळातल्या देवराया ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे परकं वाटणार नाही. बाप्तिस्म्याच्या सक्तीपासून वाचण्यासाठी मारींचा एक मोठा गट पूर्वेला बश्कीर मुलखात निघून गेला. तिथे त्यांनी आपली उपासना जास्त निखळ राखली. सोव्हिएत सरकारनेही या प्रार्थनांवर बंदी आणली, तरी त्या चोरून चालत राहिल्या. पाहायला जायचं असेल तर ओळखीच्या मारी माणसाबरोबरच जावं आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नये.

उदमुर्त आणि मोर्दवा यांची भाषाही याच फिन्नो-उग्रिक कुळातली. मोर्दवा म्हणजे खरं तर दोन समाज, एर्झ्या आणि मोक्शा, आणि त्यांच्या भाषा एकमेकांना सहज कळत नाहीत. उदमुर्त खेड्यातल्या आज्यांचा गानवृंद २०१२ च्या युरोव्हिजन स्पर्धेत दुसरा आला, तेव्हा जगाने त्यांची भाषा पहिल्यांदा ऐकली असेल.

मग रशियन कोण? तेही या मिश्रणाच्या बाहेर नाहीत. नवव्या ते अकराव्या शतकांत स्लाव शेतकरी ओका आणि वरच्या व्होल्गेच्या खोऱ्यात सरकत आले, तेव्हा तिथे मेर्या, मुरोमा असे फिन्नो-उग्रिक समाज होते. ते हळूहळू रशियनांत विरून गेले. मुरोम शहराच्या नावात एकाची खूण राहिली आहे. धर्मातही रशियन एकसंध नाहीत. सतराव्या शतकात पात्रिआर्क, म्हणजे रशियन चर्चचा प्रमुख, निकोनने चर्चच्या रीतींत बदल केले आणि ते न मानणारे ‘जुन्या श्रद्धेचे’ लोक व्होल्गेपलीकडच्या जंगलांत जाऊन राहिले. निकोन आणि त्याचा कट्टर विरोधक अव्वाकूम, दोघेही निझनी नोव्हगोरोदच्या भागातल्या जवळजवळच्या खेड्यांत जन्मलेले. ज्या फुटीने सगळा देश हलला, तिची दोन्ही कडवी माणसं एकाच रानातली.

रोजच्या जगण्यात या सगळ्यांचं बरंच एक आहे. लाकडाचं घर, अर्धी खोली व्यापणारी भट्टी, आठवड्याचं बाष्पस्नान, लिंडनच्या सालीचे विणलेले जोडे, राईची भाकर, जंगलातली अळंबी आणि बेरी हे रशियनांकडे होतं तसं चुवाशांकडे आणि मारींकडेही होतं. फरक बारीक आहेत आणि तेच बघण्यासारखे आहेत. रशियन बाई भट्टीच्या पोटात मडकं सरकवून कोबीचं ‘श्ची’ तासन् तास मुरू देते. तातार घरात त्याच भट्टीच्या कडेला कढई बसवलेली असते. रशियन चहा काळा, सोबत मुरांबा किंवा लिंबू. तातार घरात चहात दूध घालतात. तिथे पहिला घोट घेतल्यावर मुलीला घरची आठवण येईल. कालमिक चहात दुधाबरोबर मीठ आणि लोणीही असतं, तो अंगवळणी पडायला वेळ लागतो. कालमिकांविषयी एवढंच सांगते की डिसेंबर १९४३ मध्ये अख्ख्या समाजाला रेल्वेच्या डब्यांत भरून सायबेरियात पाठवलं होतं आणि १९५७ पर्यंत त्यांना परतता आलं नाही. व्होल्गाकाठच्या जर्मनांना ऑगस्ट १९४१ मध्ये असंच हलवलं. त्यांचं प्रजासत्ताक पुन्हा उभं राहिलंच नाही. कालमिकांची राजधानी एलिस्ता, तिथल्या कुणा मुलीशी मैत्री झाली तर तिच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोष्टी या विषयाशी येऊन थांबतील, हे माहीत असू द्या.

आपल्याशी या नदीचा संबंध जुना आहे. तव्हेरचा व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात व्होल्गेतून खाली उतरला, अस्त्राखानजवळ लुटला गेला, तरी इराणमार्गे होर्मुझला आणि तिथून चौलला पोहोचला. जुन्नरला त्याने पावसाळा काढला, बीदर पाहिलं आणि परतीला दाभोळहून जहाज धरलं. घरी पोहोचण्याआधीच स्मोलेन्स्कजवळ तो वारला. त्याच्या टिपणांत रशियन मजकुरात मध्येच तुर्की, फारसी, अरबी शब्द येतात, काही ठिकाणी प्रार्थनासुद्धा त्या भाषांत आहेत. कझान पडण्याच्या ऐंशीएक वर्षं आधीचा हा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, पण व्होल्गेवरच्या बाजाराची बोली त्याच्या जिभेवर होती. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. निघण्याआधी जमलं तर मुलीला दाखवून आणा.

आजची दुखरी जागा भाषेची आहे. चेबोक्सारीत पाट्या दोन भाषांत दिसतील, शहराचं चुवाश नाव शुपाश्कार हेही दिसेल, पण रस्त्यावर ऐकू येईल ती रशियनच. २०१० मध्ये चुवाश सुमारे १४ लाख ३५ हजार नोंदले गेले होते. आता ते पावणेअकरा लाखांच्या आत आहेत. २०१८ च्या कायद्याने शाळेत स्थानिक भाषा शिकणं पालकांच्या इच्छेवर सोडलं. त्याविरुद्ध बोलणारे उदमुर्त अभ्यासक अल्बर्ट राझिन यांनी १० सप्टेंबर २०१९ रोजी उदमुर्तियाची राजधानी इझेव्ह्स्कमध्ये प्रादेशिक संसदेसमोर स्वतःला जाळून घेतलं. म्हणून ‘तुम्ही घरी कोणती भाषा बोलता?’ हा प्रश्न मायेने विचारला तर माणूस खुलतो, आणि ‘आता या भाषेचा काय उपयोग?’ असा विचारला तर दार बंद होतं. युक्रेनच्या युद्धाबद्दल कुणाला मत विचारू नये. बोलायचं असेल तर विश्वास बसल्यावर माणूस आपणहून बोलतो.

वागण्याच्या काही नेमक्या गोष्टी. शिक्षकांना नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारायची, जसं ‘अन्ना पेत्रोव्ना’ किंवा तातार असतील तर ‘रुस्तम नुरगालियेविच’. मराठी मुलीला हे सोपं जाईल, आपल्याही नावात वडील असतातच. मोठ्यांना ‘व्ही’, बरोबरीच्यांना ‘ती’, हेही आपल्या अहो-जाहोसारखंच. कुणाच्याही घरी चपला-बूट दाराशी काढायचे. आतल्या सपाता यजमान देतात. फुलं न्यायची तर विषम संख्येत, सम संख्या अंत्यविधीला. उंबऱ्यावर उभं राहून हात मिळवायचा नाही किंवा वस्तू द्यायची नाही. अनोळखी माणूस हसला नाही तर तो रागावलेला नसतो. ओळख झाली की हाच माणूस जेवल्याशिवाय सोडत नाही.

शाकाहाराचं विचारलं नव्हतंत, पण विचाराल म्हणून सांगते. तातारांचा एच्पोच्माक आणि चुवाशांचा खुप्लू या दोन्हींत मांस असतं, तिकोनी एच्पोच्माक समोशासारखा दिसला म्हणून उचलू नये. उपाहारगृहात ‘पोस्तनोये’ मागावं, म्हणजे ऑर्थोडॉक्स उपवासाचं जेवण. त्यात मांस, अंडी, दूध नसतं, पण मासे कधी कधी चालतात, तेवढं विचारून घ्यावं. ईस्टरआधीचे सात आठवडे असे पदार्थ बऱ्याच ठिकाणी मिळतात. एरवी कुट्टूच्या दाण्यांची ‘काशा’, पनीरसारखा ‘त्वोरोग’, बटाटा, बीट, आणि तातार दुकानातला मधात घोळवलेला चक-चक.

आणि जूनमध्ये परीक्षांमधून एखादा दिवस मिळाला तर शहरात न थांबता खेड्यात जावं. पेरण्या उरकल्यावर चुवाशांचा अकातुय आणि तातारांचा साबान्तुय भरतो: घोड्यांच्या शर्यती, कमरेला पट्टा धरून खेळली जाणारी कुस्ती, आणि जिंकणाऱ्या पैलवानाला खांद्यावर घ्यायला जिवंत मेंढा. रशियन, मारी, चुवाश, तातार सगळे एकाच मैदानात असतात. चेबोक्सारीहून कझान रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, सकाळची बस पकडली तर रात्री वसतिगृहात परत येता येतं.